ल्युपसवर जंतांचं औषध? गोळ्यांची पट्टी मागायच्या आधी हे करा

आमचं मेडिकल कर्वेनगरात आहे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर, सांध्यांवर, किडनीवर उलटते तो आजार. त्याचे नेहमीचे पेशंट आमच्याकडे मोजकेच आहेत, पण 'जंतांवरच्या जुन्या औषधाचा ल्युपसवर उपयोग' अशी बातमी कुठे आली की त्यांच्या घरच्यांपर्यंत ती सगळ्यांत आधी पोचते. मग कोणीतरी मोबाइल पुढे करतं. "ताई, ही गोळी आहे का? चिठ्ठी नाहीये, पण साधं जंतांचंच औषध आहे ना."

मी देत नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, कारण पुण्यात पुढचं मेडिकल फार लांब नसतं. म्हणून काउंटरवर तुकड्यातुकड्यांत सांगते ते इथे सलग लिहिलंय.

आधीच सांगते, अशा बातम्या खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. परजीवींवरचं एक औषध ल्युपसवर चालतं, हे तर सत्तर वर्षांपासून सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. बहुतेक ल्युपस पेशंटच्या डब्यात ते असतंच. नव्याच्या मागे धावणाऱ्या घरांत नेमकं तेच नीट घेतलं जात नसतं, ही माझी खरी तक्रार.

पहिलं काम: औषधांचा डबा उघडा

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची पट्टी शोधा. 200, 300 किंवा 400 मिलिग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं असेल. हे मूळचं मलेरियाचं औषध, आणि मलेरियाचा जंतू हा परजीवीच. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या डॉ. पेन यांनी 1894 साली ल्युपसच्या चट्ट्यांसाठी क्विनाइन हे मलेरियाचं जुनं औषध वापरल्याची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून मेपाक्रिन द्यायचे, तेव्हा त्यांच्यातल्या काहींचे जुने चट्टे आणि सांधेदुखीही कमी झाली. 1951 मध्ये डॉ. पेज यांनी मेपाक्रिन दिलेल्या 18 ल्युपस पेशंटची हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला परवानगी मिळाली 1955 मध्ये.

मलेरियाचं औषध ल्युपसवर का चालावं? मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो आणि ते एका आम्लधर्मी पिशवीत पचवतो. हे औषध आम्ल असेल तिथे जाऊन साठतं. जंतूच्या त्या पिशवीत ते साठलं की पचनातून उरलेला विषारी भाग बिनविषारी करणं जंतूला जमत नाही आणि तो मरतो. आपल्या प्रतिकारपेशींतही अशा आम्लधर्मी पिशव्या असतात. आत आलेला डीएनए-आरएनए ओळखून आरडाओरडा करणारे पहारेकरी तिथे बसलेले असतात, टीएलआर-7 आणि टीएलआर-9 त्यांची नावं. ल्युपसमध्ये हे पहारेकरी घरच्याच माणसांवर ओरडतात. औषध त्या पिशवीतली आम्लता कमी करून त्यांचा आवाज उतरवतं. टीएलआर-7 च्या जनुकातल्या एका बदलामुळे एका मुलीला लहानपणीच ल्युपस झाल्याचं 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं, तेव्हा या सगळ्याला भक्कम आधार मिळाला.

तर परजीवींचं औषध आणि ल्युपस हे नातं वेड्यासारखं नाही. पण एका औषधाचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असंही नाही.

दुसरं काम: बातमीत उंदीर शोधा

मथळा सोडा, खालचा मजकूर वाचा. प्रयोग कशावर झालाय? 'एमआरएल/एलपीआर', 'एनझेडबी' किंवा 'प्रिस्टेन' असं काही दिसलं तर समजा, हे उंदीर आहेत. पहिल्या दोन जातींना ल्युपससारखा आजार आपोआप होतो आणि प्रिस्टेन नावाचं तेल टोचून तो मुद्दाम घडवता येतो. उंदरांवर चांगली चाललेली आणि माणसांत आपटलेली औषधं ल्युपसमध्ये भरपूर आहेत.

पेशींवरचा प्रयोग असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. बशीतल्या पेशींवर जेवढं औषध ओतलं, तेवढं गोळी खाऊन रक्तात पोचतं का? 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाने करोनाचा विषाणू थोपवला आणि जगभर त्याच्या गोळ्या खपल्या. तो परिणाम ज्या तीव्रतेला दिसला होता, तिच्या जवळपासही नेहमीच्या डोसने रक्तात पोचता येत नाही. निक्लोसॅमाइडचंही तसंच. हे चपट्या कृमींचं औषध आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. कृमी आतड्यात असतात, त्यामुळे तिथे तो गुण ठरतो. सांध्यात किंवा किडनीत काम हवं असेल तर तोच दोष.

माणसांवर झालं असेल तर किती माणसं आणि कोणाशी तुलना, हे बघा. ल्युपस आपल्या मर्जीने वरखाली होतो. चार महिने चट्टे, मग काही न करता बरं. शिवाय बहुतेक पेशंटचं स्टेरॉइड चालूच असतं. म्हणून ल्युपसच्या चाचण्यांत नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकीही पुष्कळांना बरं वाटतं. तुलनेचा गट नसेल, तर 'दहापैकी सात जणांना फरक पडला' या वाक्यातून काहीच कळत नाही. लघवीतलं प्रोटीन उतरलं का, स्टेरॉइडचा डोस कमी करता आला का, असं मोजलेलं काही असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे.

'जुनं औषध आहे, सुरक्षित आहे' हे वाक्य बातमीत हमखास असतं. जुन्या औषधाची सुरक्षितता माहीत असते ती जुन्या डोसला आणि जुन्या मुदतीला. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची एक गोळी चघळायला देतात, तेव्हा काळजीचं कारण नसतं. तीच गोळी हायडॅटिड सिस्टसाठी (कृमीमुळे लिव्हरसारख्या अवयवात होणारी पाण्याची गाठ) महिना महिना द्यायची वेळ येते तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या करत राहावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. ल्युपसमध्ये त्या बऱ्याचदा आधीच कमी असतात. वर अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट असं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर विचारूच नका. गरोदरपणातही अल्बेंडाझोल टाळतात, आणि ल्युपसच्या दहा पेशंटपैकी नऊ बायका असतात, त्याही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या.

लेव्हामिसोल तर या सगळ्यांत अवघड. तेही जंतांचंच औषध. प्रतिकारशक्तीवर त्याचा परिणाम होतो हे जुनं ज्ञान, म्हणून लहान मुलांच्या वारंवार उलटणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून प्रोटीन जाण्याचा किडनीचा आजार) डॉक्टर ते देतातही. पण त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत पडू शकतात आणि रक्तवाहिन्यांना सूज येऊन अंगावर असे चट्टे उठतात की ल्युपसच वाटावा. अमेरिकेत 2000 साली ते माणसांसाठी बाजारातून काढलं. 'प्रतिकारशक्तीवर काम करतं' हे वाचून कोणी आनंदात मागायला आलं की मी विचारते, कुठल्या दिशेने काम करतं?

एक गंमत वाटेल अशी गोष्ट. काही ल्युपस पेशंटच्या चिठ्ठीवर आयव्हरमेक्टिन खरंच असतं! त्यावरून "बघा, आमच्या डॉक्टरांनीही दिलं" असा निरोप ग्रुपवर फिरतो. ते ल्युपससाठी नसतं. स्ट्रॉंगिलॉइडिस नावाचा कृमी शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, आणि स्टेरॉइडचा मोठा डोस चालू झाला की बेसुमार वाढून जिवावर उठतो. तसा संशय असला तर डॉक्टर स्टेरॉइडच्या आधी कृमींचा बंदोबस्त करतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून आपलं औषध ठरवू नये, एवढंच. गाईगुरांचं आयव्हरमेक्टिन आणून घेणाऱ्यांबद्दल मी लिहीत बसत नाही.

तिसरं काम: वजनकाट्यावर उभे राहा

आता जे औषध चालतं हे माहीत आहे, त्याच्याकडे वळू. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा रोजचा डोस प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. हिशेब सोपा आहे. वजन 60 किलो असेल तर 300 मिलिग्रॅम. म्हणून डॉक्टर कधी 300 ची गोळी देतात, कधी एक दिवस 200 आणि दुसऱ्या दिवशी 400. हे एकाआड एक प्रकरण घरी हमखास गोंधळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सम तारखेला एक, विषमला दोन असं लिहून ठेवा. फक्त 31 नंतर 1 तारीख येते, दोन्ही विषम. त्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आमच्याकडे एक मुलगी येते, कॉलेजात शिकवते. रोज 400 घ्यायची. फाइलवर वजन लिहिलं होतं 74 किलो, पण समोर उभ्या मुलीकडे बघून ते पटेना. दुकानातल्या काट्यावर उभी केली, तर 48. आजारात उतरलं होतं आणि नंतर कोणी मोजलंच नव्हतं. 48 गुणिले 5 म्हणजे 240, आणि ही घेत होती 400, म्हणजे किलोमागे आठच्याही वर. मी फाइलच्या कोपऱ्यावर तारीख घालून वजन लिहून दिलं आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोस बदलला. तिने किंवा मी परस्पर बदलला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकून काहीजण घरी जाऊन गोळ्या मोडायला बसतात. डोस कमी पडला तरी आजार उसळतो.

वजनाची एवढी भानगड कशासाठी? डोळ्यांसाठी. हे औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, इजा होते आणि झालेली इजा भरून येत नाही. 2014 मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की डोस 5 च्या आत ठेवला तर पहिल्या 5 वर्षांत हा धोका 1 टक्क्याहून कमी, 10 वर्षांपर्यंत 2 टक्क्यांहून कमी, आणि 20 वर्षांनंतर मात्र 20 टक्क्यांच्या आसपास. म्हणून औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षाच्या आत एकदा डोळे तपासायचे आणि 5 वर्षांनंतर दर वर्षी. किडनी अशक्त असेल किंवा टॅमोक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असेल तर 5 वर्षं थांबायचं नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. ओसीटी (रेटिनाच्या थरांचा फोटो) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कुठल्या भागात कमी दिसतं ते बघणारी), या दोन तपासण्या मागा. आपल्या आशियाई लोकांत इजा कधीकधी मधल्या भागाच्या जरा बाहेरून सुरू होते, त्यामुळे फील्ड फक्त मधलं बघितलं तर ती निसटू शकते. नेत्रतज्ज्ञांना 'हायड्रॉक्सिक्लोरोक्विन इतकी वर्षं चालू आहे' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रुंद फील्डही घेतील. आणि डोळ्यांच्या भीतीने औषध बंद करू नका. भीती वाटत असेल तर तपासणीची तारीख अलीकडे घ्या.

बंद केल्यावर काय होतं, याचा प्रयोगच झालाय. कॅनडात आजार आटोक्यात असलेल्या 47 पेशंटपैकी काहींचं औषध चालू ठेवलं आणि काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत खोट्या गोळीवाल्या 22 पैकी 16 जणांचा आजार उसळला, औषधवाल्या 25 पैकी 9 जणांचा. 1991 मध्ये हे छापून आलं.

यातली फसवी बाब अशी की औषध शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं कमी व्हायलाच चाळीसेक दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे काहीच होत नाही. "बंद केलं तरी ठीक आहे की मी!" असं लोक सांगायला येतात. मग दोन-तीन महिन्यांनी गुडघे सुजतात, आणि तेव्हा दोष पावसाळ्याला किंवा लग्नातल्या जागरणाला जातो. सुरुवातीलाही तसंच, गुण दिसायला काही महिने जातात. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची घ्या आणि पुढे चला.

घ्यायची जेवणानंतर, म्हणजे मळमळत नाही. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर दोन्हींत चार तास ठेवा. सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा, कारण अझिथ्रोमायसिनसारख्या औषधांबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न येऊ शकतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. आणि पट्टी उंचावर, कुलपात ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका, मोजक्या गोळ्याही त्याच्या जिवावर बेततात.

घरात महिनाभराचा साठा पुढे असू द्या, असं मी ल्युपसवाल्यांना 2020 पासून सांगते. मार्च 2020 मध्ये हे औषध करोनावर चालतं अशी हवा झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी घ्यावं, असा सल्ला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने दिला, आणि आठवड्याभरात ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनीही पट्ट्या भरून ठेवल्या. 26 मार्चला सरकारने ते शेड्यूल एच-1 च्या अटींखाली आणलं, म्हणजे चिठ्ठी आणि रजिस्टरमध्ये नोंद सक्तीची. तोवर आमच्या होलसेलरकडे माल संपला होता. वर्षानुवर्षं हीच गोळी घेणाऱ्या बायका मला फोन करून विचारत होत्या, अर्धी अर्धी घेऊ का? जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं की करोनाच्या पेशंटना याचा उपयोग नाही. जुन्या औषधाला नवं काम मिळाल्याची अर्धवट बातमी किती महाग पडते आणि कोणाला पडते, ते मी तेव्हा काउंटरच्या आतून बघितलंय.

चौथं काम: चाचणीत जायचं असेल तर दारातून जा

नव्या औषधाचा प्रयोग स्वतःवर करायची तयारी असेल, तर त्याचा रीतसर रस्ता आहे. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. 'ट्रायल सर्च'मध्ये इंग्रजीत ल्युपस टाका. येणाऱ्या यादीत भरती चालू आहे की संपली, कुठल्या शहरातल्या कुठल्या हॉस्पिटलात चाचणी आहे, कोण पात्र आणि कोण नाही, सगळं लिहिलेलं असतं. पुण्याचं केंद्र आहे का बघा. पात्रतेच्या अटी आधी वाचा, कारण किडनीचा आजार किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्यांना बऱ्याच चाचण्यांत घेत नाहीत.

तिथे गेल्यावर माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. संमतीपत्राची प्रत आपल्याकडे ठेवायची. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराची जबाबदारी कोणाची, हे 2019 च्या नियमांत आहे आणि त्या कागदावरही असायला हवं. चाचणीतल्या औषधाचे पैसे कोणी मागितले तर तिथून उठा.

चाचणीत न जाता डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने एखादं औषध वेगळ्या कामासाठी देऊ शकतात. तो त्यांचा अधिकार आहे, माझा नाही, आणि तुमच्या मेव्हण्याच्या मित्राचा तर नाहीच.

डॉक्टरांना विचारताना

ओपीडीत मिळणारी मिनिटं थोडी असतात. "हे व्हॉट्सॲपवर आलंय, घेऊ का?" असं विचारलंत तर "नको" एवढंच उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच असेल. त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या: आजचं वजन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा डोस आणि किती वर्षं, डोळ्यांची शेवटची तपासणी कधी, महिन्यात साधारण किती गोळ्या चुकतात (खरा आकडा लिहा, डॉक्टर ओरडत नाहीत), शेवटचं सीबीसी, लघवीतलं प्रोटीन, सी-3, सी-4 (ल्युपसचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). त्याखाली बातमीतल्या औषधाचं नाव आणि एकच प्रश्न: माझ्या आजारात यावर माणसांवर काम झालंय का? स्क्रीनशॉटऐवजी मूळ बातमीची लिंक न्या. स्क्रीनशॉटमध्ये उंदीर नेमका कापला गेलेला असतो.

आणि कोणी आधीच घेऊन बसलं असेल, अंगावर पुरळ, ताप, घसा धरणं, पिवळे डोळे असं काही होत असेल, तर लपवू नका. ती बातमीतली गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी करायचं का ते विचारा. स्टेरॉइड मात्र स्वतःहून थांबवायचं नाही, ते अचानक बंद करणं वेगळंच संकट आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री नंबरवर पेशंट किंवा घरचं कोणीही करू शकतं, त्याला डॉक्टरच लागतो असं नाही. फोन करताना पट्टी हातात असू द्या, बॅच नंबर विचारू शकतात. गोळ्या संपल्या तरी रिकामी पट्टी फेकू नका.